समुद्राविषयीचे बोलणे आणि आपले ऐकणे



या व्याख्यानमालेत मी गेली कित्येक वर्षे शेवटी उभा राहतो, तो आभार मानायला. यंदा कार्यकारिणीने मला आधी उभे केले आणि विषयही मलाच निवडायला सांगितला. मी म्हणालो, समुद्र. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही जैन, घरात अंडेसुद्धा येत नाही. धंदा तुमचा साखरेच्या गोळ्यांचा. गाव घाटावर अडीच हजार फुटांवर. तुमचा समुद्राशी संबंध काय?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडे लांबचे आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर सागरविज्ञानाचे एक अभ्यासक व्याख्यान देऊन गेले. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी हजर असतील. सव्वा तास ते बोलले. त्यांचे मुख्य म्हणणे असे होते : माशांची पिल्ले धरण्याचे प्रमाण असेच राहिले, जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक, असाच बारीक राहिला, तर काही जातींचे मासे पुढे परवडण्याजोगे मिळणार नाहीत, पण नियम पाळले तर यांतल्या पुष्कळ जाती सावरतात. व्याख्यान संपले. प्रश्न कोणी विचारला नाही. उशीर झाला होता, चहा तयार होता. मी आभार मानायला उठलो आणि म्हणालो, ‘समुद्रातले मासे संपत चालले आहेत, हा गंभीर इशारा पाहुण्यांनी आपल्याला दिला.’ टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात माझेच वाक्य मथळा होऊन आले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक मासेविक्रेत्या मावशी आल्या. गुडघ्यासाठी त्या माझ्याकडे जुन्या येणाऱ्या. पहाटे गोव्याहून, कारवारहून टेम्पो येतो, त्यातला माल घेऊन त्या बाजारात बसतात. औषधाचे बोलणे झाल्यावर म्हणाल्या, ‘काय ओ डॉक्टर, मासं संपणार म्हणून तुमच्यात कोण सांगून गेलंय म्हणं? गिऱ्हाईक येऊन मलाच विचारतंय, मावशी, आता काय विकणार? तुमास्नी काय, तुम्ही मासं खात न्हाई. आम्ही काय करायचं तेवढं सांगितलं का त्यांनी?’

सांगितले होते. पाहुण्यांनी ‘जर’ सांगितले होते, ‘तर’ सांगितले होते, ‘पण’ही सांगितले होते. ते तिन्ही मी आभारात गाळून टाकले होते. आणि मावशींच्या मनात नेमकी ती शंका आली, जी येणे स्वाभाविक होते : हा माणूस मासे खात नाही, तेव्हा याला मासे संपले काय आणि राहिले काय.

म्हणून आजचा विषय. समुद्राविषयी जाणकार माणसे आपल्याला काहीतरी सांगतात, तेव्हा ते कसे सांगावे आणि आपण ते कसे ऐकावे, एवढेच मला बोलायचे आहे.

आधी संबंधाचे उत्तर देतो. माझ्या दवाखान्याच्या कपाटात समुद्र आहे. होमिओपॅथीच्या पहिल्या वर्षापासून आम्ही शिकतो त्या औषधांत कॅल्केरिया कार्ब शिंपल्यापासून, नॅट्रम मूर साध्या मिठापासून, स्पंजिया समुद्री स्पंजापासून आणि सेपिया माकुळाच्या शाईपासून तयार होते. मांसाहार न करणाऱ्या माणसाने माकुळाची शाई रोग्याला द्यावी का, हा प्रश्न मला विद्यार्थी असताना फार छळायचा. आजही तो पुरता सुटलेला नाही. पण त्यामुळे एक झाले : समुद्रापासून माझे हात स्वच्छ आहेत, असे मी कधी समजलो नाही.

दुसरा संबंध पाण्याचा. माझ्या लहानपणी आई आडाचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची. ते सगळ्याच जैन घरांत होते. पण गाळल्यावर आई फडके झटकून टाकत नसे. गाळलेल्या पाण्याने ते हलकेच उलटे धुवायचे आणि ते धुवण त्याच आडात, शक्य तितके खाली नेऊन सोडायचे. दुसऱ्या आडात नाही. मी विचारले तर म्हणायची, ‘ज्याचं घर जिथं, त्याला तिथंच सोडायचं. आपल्याला दिसत नाही म्हणून तो नाही असं नाही.’

पुढे पुष्कळ वर्षांनी मी गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेलो. संस्था सर्वांना पाहायला खुली असते, अशा एका दिवशी. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली ही संस्था मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधल्या टोकावर उभी आहे. तिथे एका तरुण संशोधिकेने आम्हाला एक जाळे दाखवले. मासे धरायचे नव्हे. लांब नरसाळ्यासारखे, अगदी बारीक विणीच्या कापडाचे. त्याने समुद्रातले प्लवक गाळतात, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. तिने सांगितले की १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तेव्हा अनेक देशांच्या जहाजांनी एकाच ठरावीक मापाचे जाळे वापरले, दोनशे मीटर खोलीपासून वर ओढले, आणि ते नमुने वर्गवारीसाठी कोचीनच्या केंद्रात आले. जाळे एकच मापाचे का? तर एका जहाजाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहता यावा म्हणून.

मला आईचे फडके आठवले. हेतू वेगळे आहेत, ते मी एक करत नाही. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याची दखल घ्यायची, आणि कशाने गाळले ते लपवायचे नाही, ही शिस्त दोन्हीकडे होती.

आता एका जुन्या व्याख्यानाकडे येतो. १८८३ साली लंडनमध्ये मोठे मत्स्यप्रदर्शन भरले होते. त्याला जोडून झालेल्या परिषदेचे उद्घाटनाचे भाषण टॉमस हेन्री हक्स्ली यांनी केले. डार्विनचे कैवारी म्हणून तुम्हाला ते नाव माहीत असेल. कामगारांसाठी सोप्या भाषेत विज्ञानाची व्याख्याने देणारा हा मोठा माणूस, आणि त्या वेळी सरकारचा मत्स्य-निरीक्षकही. भाषणात त्यांनी प्रश्न घेतला : समुद्रातले मासे संपू शकतात का? त्यांचे उत्तर असे होते की नदीतला सामन किंवा किनाऱ्यालगतचे शिंपले माणूस संपवू शकतो. पण कॉड, हेरिंग, बांगड्याच्या जातीचे मासे, अशा समुद्रातल्या मोठ्या मासेमारी बहुधा अक्षय आहेत. आपण धरतो ते समुद्रातल्या एकूण माशांच्या मानाने नगण्य आहे.

हे वाक्य पुढे जगभर गेले. आज ते तज्ज्ञाच्या चुकीचे उदाहरण म्हणून सांगतात. पण ते भाषण नीट वाचले तर त्यात एक अट सापडते. हक्स्लींनी म्हटले होते, आपल्या सध्याच्या मासेमारीच्या पद्धती धरून. ही अट फार मोलाची होती, कारण पद्धत त्याच वेळी बदलत होती. खास वाफेवर चालण्यासाठी बांधलेला ट्रॉलर १८८१ साली इंग्लंडच्या ग्रिम्झबी बंदरातून निघाला होता. शिडाच्या होड्यांची जागा यंत्रे घेत होती. म्हणजे वाक्य छापून येईपर्यंत त्यातली अट जुनी होऊ लागली होती. लोकांनी अट टाकून दिली आणि ‘अक्षय’ हा शब्द ठेवला.

हक्स्लींना दोष देणे सोपे आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. उगाच केलेला प्रत्येक कायदा म्हणजे हातावर पोट असलेल्या कोळ्याला गुन्हेगार ठरवण्याची एक नवी वाट, असे त्यांना वाटे. आणि त्याच प्रदर्शनात रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने उलट बाजू मांडली होती : समुद्र म्हणजे कितीही उपसा, भरलेलेच राहील असे कोठार नव्हे. एकाच ठिकाणी दोन जाणकारांनी दोन बाजू सांगितल्या. त्यातून वाद झाला, आणि वादातून पुढच्याच वर्षी, १८८४ साली, सागरी जीवशास्त्राची एक संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष कोण, तर हक्स्लीच. संस्थेची प्लिमथची प्रयोगशाळा १८८८ साली सुरू झाली. माझ्या मते हे त्यांच्या भाषणाइतकेच महत्त्वाचे आहे. आपले म्हणणे तपासणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी घेतले.

अट गळून पडण्याचा अनुभव माझ्या गाठीलाही आहे. मी नवीनच दवाखाना थाटला होता तेव्हाची गोष्ट. एक तरुण खोकला घेऊन आला. मी म्हणालो, ‘हवेचा खोकला दिसतोय, काळजी नको. पण पंधरा दिवसांत गेला नाही तर छातीचा एक्स-रे काढू, नक्की या.’ तो घरी जाऊन म्हणाला, ‘डॉक्टर म्हणाले काळजी नको.’ चार महिन्यांनी आला तेव्हा निम्मा झाला होता. क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातल्या औषधांनी बरा झाला, आज नातवंडे आहेत. पण त्याची आई मला म्हणाली, ‘तुम्हीच काळजी नको म्हणालात.’ मी म्हणू शकलो असतो की मी अट घातली होती. म्हणालो नाही. कारण मला तेव्हा कळले की सुखाचे वाक्य आणि अट एकाच श्वासात सांगितली, तर माणूस सुखाचे घेऊन जातो. तेव्हापासून मी अट आधी सांगतो, कागदावर लिहून देतो, आणि रोग्याकडून परत म्हणवून घेतो.

आमच्या परंपरेत याला एक शब्द आहे, ‘स्यात्’. पुष्कळांना वाटते, स्याद्वाद म्हणजे ‘असेलही, नसेलही’ असे गुळमुळीत बोलणे. तसे ते नाही. स्यात् म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. घडा आहे, हे स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव यांच्या अपेक्षेने खरे. दुसऱ्याच्या अपेक्षेने नाही. म्हणजे स्यात् हा शब्द वाक्य ढिले करत नाही, उलट घट्ट करतो. कोणत्या काळात, कोणत्या ठिकाणी, कोणत्या दृष्टीने हे खरे आहे, ते सांगायला बोलणाऱ्याला भाग पाडतो. हक्स्लींच्या वाक्यात स्यात् होता. पाहुण्यांच्या वाक्यातही होता. तो ऐकणाऱ्यांनी आणि आभार मानणाऱ्याने काढून टाकला.

पण दर वेळी दोष ऐकणाऱ्याचाच असतो, असेही नाही. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंडच्या समुद्रात शतकानुशतके कॉड मासा मिळत आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे प्रचंड जहाजे आली, माशांवर जहाजावरच प्रक्रिया करणारी. १९६८ साली आठ लाख टनांच्या घरात कॉड काढला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अधिकारात घेतला. आता सावरेल असे वाटले. सरकारी तज्ज्ञ दरवर्षी माशांचा अंदाज काढत. १९८० नंतरच्या दशकात किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक सांगू लागले, मासा कमी झालाय, लहान झालाय. पण अंदाज मोठ्या जहाजांच्या आकड्यांवर बराच अवलंबून होते, आणि मोठी जहाजे उरलेला मासा जिथे गोळा होतो तिथे जाऊन भरून येत होती. अंदाज फुगलेले निघाले. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी तीन दशके चालली.

इथे होडीवाल्यांचे बोलणे तज्ज्ञांनी वेळेत ऐकले नाही. त्या लोकांकडे पदवी नव्हती, पण रोजची नोंद होती. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते : रिपोर्ट चांगला आहे आणि रोगी म्हणतोय बरे वाटत नाही, तर रिपोर्ट पुन्हा करायचा, रोग्याला गप्प करायचे नाही.

आता आपल्या बाजूचे एक चांगले उदाहरण. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क हा महाकाय पण निरुपद्रवी मासा येतो. प्लवकच गाळून खातो. यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी तो मोठ्या प्रमाणात मारला जाई. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ते लोकांसमोर आणले, आणि २००१ साली या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण मिळाले. पण कायदा कागदावर होता. किनाऱ्यावर कित्येकांना तो माहीतही नव्हता. २००४ मध्ये वन्यजीव संस्था आणि वनखाते यांनी मोहीम काढली आणि तिचा संदेश सांगायला मोरारीबापूंना बोलावले. बापूंनी आकडे सांगितले नाहीत. ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, तिला मारायचे का, असा त्यांचा रोख होता. माशाला नाव मिळाले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी.

एवढ्यावरच थांबले असते तर टाळ्या पडून संपले असते. पण त्याला दुसरी बाजू जोडली होती : जाळ्यात व्हाली सापडली तर जाळे कापून तिला सोडा, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देईल. जे पूर्वी तिला मारत होते त्यांनीच पुढे शेकडो व्हाली सोडून दिल्या. बडोद्याच्या आपल्या मराठी मंडळींना हे अधिक माहीत असेल. मला यातून एवढे दिसते की ज्ञान शास्त्रज्ञांचे होते, शब्द बापूंचे होते, पण ज्याचे जाळे फाटणार त्याचा हिशेबही कोणीतरी मांडला होता. मावशी मला तोच हिशेब विचारत होत्या.

मग आपल्या किनाऱ्यावर खरे काय आहे? मासे संपत आहेत की नाहीत? तारलीचे उदाहरण घ्या. केरळात २०१२ साली ती चार लाख टनांच्या आसपास मिळाली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत आली. त्या वर्षी ‘संपली’ म्हणणारा खोटा वाटला नसता. पण नंतरच्या वर्षांत तारली पुन्हा वाढली. शास्त्रज्ञ सांगतात, हा मासा समुद्राच्या बदलाला, विशेषतः तापमानाला आणि पावसाळ्यात खालून वर येणाऱ्या पोषक पाण्याला, फार लवकर प्रतिसाद देतो. तो वाढतो तसा कोसळतोही. पण तो खाली असताना पिल्ले धरली तर वर यायला उशीर लागतो. म्हणून कर्नाटक आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते. ‘संपले’ हेही चूक आणि ‘समुद्र आहे, येतीलच’ हेही चूक. दोन्ही वाक्यांना स्यात् लावावा लागतो.

आणि घाटावरच्या आपला यात वाटा आहे का? आहे. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. पाण्याच्या तंट्यावर बोलायला मी उभा नाही. एवढेच म्हणतो की आपल्या तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना मिळते. पश्चिम किनाऱ्याजवळ पावसाळ्याच्या शेवटी समुद्राच्या तळाकडे प्राणवायू फार कमी होतो. हे निसर्गतःच घडते. पण जमिनीवरून येणारी खते आणि सांडपाणी त्यात भर घालू शकतात, असे दोना पावलाच्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच मांडले होते. गाळलेले पाणी त्याच आडात सोडणाऱ्या आईला हे समजावून सांगावे लागले नसते.

श्रोतेहो, १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि मराठी माणूस जिथे गेला तिथे ही सवय घेऊन गेला. महाराष्ट्राबाहेर राहून आपण ती जपली आहे. तिला मी तीन प्रश्न जोडू इच्छितो. समुद्रावर, हवामानावर, आरोग्यावर कोणीही जाणकार बोलून गेला की ते त्याला विचारावेत. एक, हे कोणत्या अटीवर खरे आहे? दोन, कशाने मोजले, आणि रोज तिथे काम करणारा माणूस काय म्हणतो? तीन, यात ज्याचे नुकसान होणार त्याचे काय ठरले? हे तीन प्रश्न झाल्याशिवाय चहा देऊ नये, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे.

आणखी एक सूचना. पुढच्या जूनमध्ये, मासेमारी बंद असते आणि त्या लोकांना थोडा वेळ असतो तेव्हा, एक सागरशास्त्रज्ञ आणि मासेमारी करणारे कोणी, अशा दोघांना याच व्यासपीठावर बसवावे. आभार दुसऱ्या कोणीतरी मानावेत.

मावशी अजून बाजारात बसतात. त्यांना मी मागाहून सगळे नीट सांगितले : पाहुणे काय म्हणाले होते, मी काय गाळले, बंदी का असते. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘एवढ्या एवढ्या बांगड्याची पिल्लं टेम्पोतनं येत्यात, ती मी घेत न्हाई. पण मी न्हाई घेतली तर पलीकडची घेतीया. ते तुमच्या साहेबाला विचारा.’

तो प्रश्न मी लिहून ठेवला आहे. पुढच्या जूनमध्ये पहिला तोच विचारायचा आहे. आज त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत.